धक्क्यावर आधी काम, मग बाकडी

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. दक्षिण कोकणातलं जुनं बंदराचं गाव, नगरपरिषद असलेलं. धक्का फुटलेला, त्यामागची पाच-सहा चिऱ्याची गोदामं कुलूपबंद, कौलं उडालेली. संध्याकाळी सातनंतर बाटल्या घेऊन बसणाऱ्यांशिवाय तिकडे कोणी फिरकत नाही. तरुण पोरं मुंबई-पुणे-गोव्याला. आता सुशोभीकरणाचा निधी मंजूर व्हायच्या बेतात आहे, नगरसेवकांना प्रॉमनेड, म्हणजे पाण्याकाठचा फिरायचा रस्ता, हवाय, गावातल्या एका निवृत्त इंजिनियरांनी स्पेनमधल्या बिल्बाओ शहराच्या कायापालटाचा व्हिडिओ सगळ्यांना पाठवलाय, आणि आर्किटेक्चर संपवून नुकतंच घरी आलेल्या तुम्हाला 'तूच काहीतरी डिझाइन करून दे' असं सांगण्यात आलंय. तुम्ही विचारताय, सुरुवात कशाने करू?

मी नगररचनाकार आहे. गेली वीसेक वर्षं किनाऱ्यावरच्या लहान नगरपरिषदांची कामं करतो. काही जमली, काही फसली. तुमचं गाव मी पाहिलेलं नाही, त्यामुळे खाली लिहितोय त्यातलं बरंचसं तुमच्या बंदरावर आज काय शिल्लक आहे यावर अवलंबून राहील. जिथे तसं असेल तिथे सांगत जाईन. पण गाव न बघताही एक सांगू शकतो: डिझाइनला एवढ्यात हात घालू नका.

तुम्ही प्रश्न मांडलाय तो 'बंदर भकास झालंय, देखणं कसं करू' असा. भकासपणा मागाहून आला, आधी तिथलं काम गेलं. रस्ते नव्हते तेव्हा कोकणचा सगळा व्यवहार पाण्यावरून चाले. मंगळुरी कौलं, मीठ, तांदूळ, नारळ गलबतांतून ये-जा करत. मुंबईची बोट बऱ्याच ठिकाणी बाहेर खोल पाण्यात नांगरून उभी राही, आणि माणसं पडावातून नाहीतर मचव्यातून तिच्यापर्यंत जात. चाकरमानी त्याच वाटेने गेला. मग रस्ते झाले, एसटी आली, ट्रक आले. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि ती बहुतेक ठिकाणी बंदरांपासून बरीच आतून जाते. व्यापार तिकडे सरकला. उरलेलं काम गाळाने केलं. राजापूरला सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती, कारण खाडीतून गलबतं थेट गावापर्यंत पोचत. त्या गावाचं बंदरपण गाळानेच संपवलं.

म्हणजे गावाचं पुढचं दार होतं ते परसदार झालं. आणि परसदारी आपण काय करतो? मोरीचं पाणी सोडतो, राख टाकतो, मोडकी खुर्ची ठेवतो. गावानेही तेच केलं. गटाराचं तोंड बंदराकडे, कचऱ्याचा ढीग बंदराकडे. परसदारी नुसती फरशी घातली म्हणून ते पुढचं दार होत नाही. माणसं कामासाठी त्या बाजूने ये-जा करायला लागली तर होतं.

हे शहाणपण मला हात पोळल्यावर आलं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी आम्ही साडेतीनशे मीटरचा प्रॉमनेड केला. पेव्हर ब्लॉक, ग्रॅनाइटची बाकडी, स्टीलचं रेलिंग, हायमास्ट (खूप उंच खांबावरचे दिवे), कोपऱ्यात गावाच्या नावाची माणसाएवढी अक्षरं. उद्घाटनाला तोबा गर्दी. त्या जागेवर आधी काय होतं? आमच्या नकाशात 'मोकळी जागा' असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात तिथे सकाळी जाळी पसरली जायची, दुपारी ती तुणली जायची, आणि पाऊस सरला की बायका जवळा नि बांगडे वाळत घालायच्या. आम्ही पाहणीला गेलो होतो सकाळी अकरा ते चार या वेळात, आणि तेही जुलैत, मासेमारी बंद असताना. जागा मोकळीच दिसणार! प्रॉमनेड झाल्यावर जाळी रेलिंगवर वाळत पडायला लागली. त्यावरून भांडणं झाली, नगरपरिषदेने मनाईची पाटी लावली, बायका दुसरीकडे गेल्या आणि वर्षभरात मासळीही दुसऱ्या जेटीवर उतरू लागली. मग चहाची टपरी बंद पडली, कारण तिचं गिऱ्हाईक खलाशी होते. फिरायला येणारी मंडळी घरून चहा पिऊनच निघतात. तिसऱ्या पावसाळ्यानंतर दिवे गेले. आज ती जागा पूर्वी होती त्याहून ओस आहे, आणि तिचं डिझाइन माझं आहे.

म्हणून पहिलं काम मोजणीचं. वही घ्या आणि धक्क्यावर बसा. पहाटे चारला जा, लिलाव संपेपर्यंत थांबा. भर दुपारी जा, रात्री दहाला एकदा जा (सोबत कुणाला तरी घेऊन). एक फेरी मोठ्या भरतीला, एक ओहोटीला. एक जूनमध्ये मासेमारीची बंदी लागल्यावर, एक नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा सुटल्यावर, एक गणपतीत चाकरमानी गावी आलेले असताना, एक शिमग्यात. वर्ष जाईल म्हणून घाबरू नका, चार-पाच फेऱ्या तीन महिन्यांत होतात आणि बाकीच्या चालू कामात करता येतात. किती होड्या लागतात, मासळी कोण विकतं, बर्फ कुठून येतो, डिझेल कुठून, पाण्याचा नळ कुठे आहे, बायका लघवीला कुठे जातात हे सगळं लिहून काढा. हा शेवटचा प्रश्न मी कुठल्याही अहवालात एकदाही वाचलेला नाही. पहाटे तीनला घरून निघालेली बाई दहा वाजेपर्यंत पाणी न पिता बसते, कारण जायला जागा नाही. ही माहिती तुम्हाला मिळेल, कारण त्या तुमच्याशी बोलतील. माझ्याशी बोलल्या नसत्या.

खलाशांकडेही बघा. रत्नागिरीपासून खाली ट्रॉलरवर आता नेपाळी आणि कर्नाटकातली पोरं मोठ्या संख्येने आहेत. ती होडीवरच झोपतात, धक्क्यावरच आंघोळ करतात. गावच्या सभेला त्यांना कोणी बोलवत नाही, पण संध्याकाळी धक्क्यावर सर्वांत जास्त वेळ तीच असतात.

दुसरं काम कंटाळवाणं आहे आणि त्यावरच बहुतेक योजना बुडतात: जागा कोणाची? तुम्ही ज्याला 'बंदर' म्हणता त्या दोनशे मीटरमध्ये निदान पाच मालक सापडतील. धक्का आणि त्यालगतची पट्टी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे असू शकते. मासळी उतरवण्याची जेटी मत्स्यव्यवसाय विभागाने बांधलेली असेल. जुनं कस्टम्सचं ऑफिस केंद्र सरकारचं. काही तुकडा महसूल खात्याचा, रस्ता सार्वजनिक बांधकामचा किंवा नगरपरिषदेचा. आणि गोदामं खाजगी. गोदामाची मिळकत पत्रिका काढलीत तर एकेका गोदामाला पंधरा-वीस वारसांची नावं दिसतील, त्यातली निम्मी माणसं मुंबईत, दोन-तीन हयात नसलेली आणि एखादा दुबईत. खाडीच्या कडेला कांदळवन असेल तर वन विभागही आला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये कांदळवनाबाबत कडक आदेश दिलेत, त्याभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यासकट. तिथे 'थोडी साफसफाई करून वॉकवे' हा विचारही मनात आणू नका.

सीआरझेडबद्दल, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या नियमांबद्दल, तुम्ही विचारलंच आहे. २०१९ ची अधिसूचना आणि तुमच्या जिल्ह्याचा किनारा व्यवस्थापन आराखडा शेजारी ठेवून आपले सर्व्हे नंबर कुठल्या वर्गात पडतात ते बघा. नगरपरिषद हद्दीतला बांधलेला भाग बहुधा सीआरझेड-२ मध्ये येईल. तिथे नवीन बांधकाम अस्तित्वात असलेल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूलाच करता येतं. पण जुन्या अधिकृत इमारतीची दुरुस्ती आणि नवी इमारत या दोन गोष्टी कायद्याच्या नजरेत फार वेगळ्या आहेत, आणि तुमची पडकी गोदामं नेमकी याच कारणाने मोलाची आहेत. ती पाडलीत तर तिथे पुन्हा तेवढं बांधायला मिळेलच असं धरून चालू नका. कंत्राटदार 'पाडून नवीनच करू, स्वस्त पडेल' म्हणेल. त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

आता बिल्बाओ. त्या इंजिनियर काकांना माझा नमस्कार सांगा, व्हिडिओ खोटा नाही, फक्त शेवटाकडून सुरू होतो. त्यातली ती प्रसिद्ध इमारत, गुगेनहाइम कलासंग्रहालय, उघडली ऑक्टोबर १९९७ मध्ये. त्याआधीची गोष्ट व्हिडिओत नसते. १९८३ च्या ऑगस्टमध्ये शहर पुरात बुडालं होतं, जहाजबांधणी आणि पोलादाचे कारखाने बंद पडत होते. नदीत सांडपाणी नि कारखान्यांची घाण इतकी होती की तिच्या शुद्धीकरणाचं काम ऐंशीच्या दशकापासून वर्षानुवर्षं चाललं. बंदर उचलून बाहेर, समुद्राच्या तोंडाशी नेलं. १९९२ साली 'बिल्बाओ रिया २०००' नावाची संस्था काढली, तिच्यात अर्धा हिस्सा केंद्राच्या संस्थांचा, अर्धा स्थानिक प्रशासनांचा, आणि रेल्वे-बंदराच्या पडून राहिलेल्या जमिनी तिने एकत्र हाताळल्या. १९९५ ला मेट्रो सुरू झाली. एवढं हाती घेतल्यावर ती चकाकती इमारत उघडली. म्हणजे इमारतीचं दार उघडण्याआधी त्यांनीही गटार साफ करायला घेतलं होतं आणि जमिनीची मालकी एका टेबलावर आणली होती. शिवाय ते काही लाख वस्तीचं, स्वतःचा कर गोळा करणाऱ्या श्रीमंत प्रांतातलं शहर. तुमच्या नगरपरिषदेला मार्चअखेर पगाराची ओढाताण असते. तुलना करायचीच तर या क्रमाची करा, इमारतीची नको.

लिव्हरपूलचा अल्बर्ट डॉक हे मला जास्त जवळचं उदाहरण वाटतं, कारण तिथेही पडीक गोदामं होती आणि गाळ होता. १८४६ ला उघडलेली ही गोदी १९७२ ला बंद पडली आणि चिखलाने भरली. शहरात बेकारी प्रचंड, १९८१ मध्ये दंगली झाल्या. त्याच वर्षी नेमलेल्या विकास महामंडळाने आधी गाळ उपसला, गोदीचे दरवाजे दुरुस्त केले आणि आत पुन्हा पाणी आणलं. पाणी दिसायला लागलं, १९८४ ला मोठी शिडाची जहाजं तिथे आली, मग गोदामांना भाडेकरू मिळू लागले, आणि १९८८ मध्ये टेट गॅलरी उघडली. पुढे याच शहराचा बंदरभाग २००४ ला जागतिक वारसा यादीत गेला आणि नव्या बांधकामांच्या हव्यासापायी २०२१ ला यादीतून काढला गेला. दोन्ही गोष्टी सांगाव्यात, नाहीतर परदेशी उदाहरणं फार गुळगुळीत वाटतात.

इतकं लांब जायचीही गरज नाही. वेंगुर्ल्याला नगरपरिषदेने कचऱ्याचं वर्गीकरण असं काही मनावर घेतलं की दुर्गंधीने नकोसा झालेला डंपिंगचा भाग बघायला बाहेरगावचे लोक सहल काढून येऊ लागले. कचरा डेपो हे पर्यटनस्थळ! मी जिथे जातो तिथे हे सांगतो, लोक हसतात आणि मग गप्प होतात. तुमच्या निधीतला पहिला रुपया बंदराकडे येणाऱ्या गटाराच्या तोंडावर खर्च करा. लहानसं सांडपाणी प्रक्रिया युनिट, निदान गाळण आणि वळवण. सुशोभीकरणाच्या लेखाशीर्षातून गटार करता येत नाही असं मुख्याधिकारी म्हणतील. तेव्हा ते काम जिल्हा नियोजन समितीकडून, राज्याच्या नगरोत्थान योजनेतून मागायचं. मासळीच्या ओट्याचं, बर्फाचं, जेटीचं काम प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बसतं का ते मत्स्यव्यवसायच्या सहायक आयुक्तांना विचारायचं. वेगवेगळ्या थैल्यांतून एकच काम करून घेणं, हे लहान गावातलं खरं डिझाइन.

इथवर मोजणी, मालकी आणि गटार एवढंच झालं, आणि तुम्हाला शिकवलेलं त्यात काहीच आलं नाही, हे खटकत असेल. येतंच आता. पण त्याआधी सर्वांत अवघड प्रश्न: तिथे कुठलं काम परत आणायचं? हे पूर्णपणे तुमच्या गावावर आहे.

मासळी अजून उतरत असेल तर उत्तर सोपं आहे, तेच काम नीट करा. धुता येईल असा उतार असलेला ओटा, वर छप्पर, गोडं पाणी, बर्फ, जाळी तुणायला सावली, सुकवायला सिमेंटचं खळं, बायकांसाठी चोवीस तास उघडं शौचालय. मासळीचा बाजार हाच बघण्यासारखा असतो. त्याच्या कडेला दोन खाणावळी आपोआप उभ्या राहतात, त्यांना फूड कोर्ट म्हणायची गरज नाही. वासाची तक्रार येईल. बंदराला वास असतोच. ओटा रोज धुतला तर तो ताज्या मासळीचा असतो, नाही धुतला तर दुसरा.

खाडीच्या पलीकडे गाव असेल आणि रस्त्याने लांबचा वळसा पडत असेल तर फेरीचा विचार करा. दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ ला सुरू झाली, गाड्या घेऊन जाणारी. पूर्वी दापोलीकडून गुहागरला जायचं तर चिपळूणवरून फिरून जावं लागे. फेरी झाल्यावर दाभोळचा किनारा पुन्हा वाटेवर आला. रांगेत उभ्या गाडीतला माणूस चहा पितो, शहाळं घेतो, पोराला आइस्क्रीम देतो. धक्का जिवंत राहायला एवढंही पुरतं. मात्र ती खाजगी हिमतीवर, दोन्ही बाजूंच्या रहदारीचा अंदाज घेऊन झाली. तुमच्याकडे रहदारी किती आहे ते मोजल्याशिवाय रॅम्प बांधून ठेवू नका. अशा पोरक्या जेट्या कोकणात मी बऱ्याच पाहिल्यात. बकऱ्या बसतात त्यावर.

समोर किल्ला किंवा बेट असेल तर मालवण बघा. सिंधुदुर्गाला जाणाऱ्या होड्या स्थानिक लोकांच्या आहेत, त्यामुळे तिकिटाचा पैसा गावात फिरतो. पण पावसाळ्यात ती वाहतूक बंद असते. तीन महिने जो धंदा शून्यावर जातो त्यावर अख्खा धक्का उभा करता येत नाही. जोडीला बारमाही काहीतरी हवंच.

यातलं काहीच नसेल? मासळी गेली, पलीकडे कोणी नाही, किल्ला नाही? मग प्रामाणिकपणे लहान काम करा. धक्का धोकादायक असेल तो दुरुस्त करा, दिवे लावा, कचरा हटवा, दोन पिंपळ आहेत त्यांना पार बांधा आणि थांबा. उरलेला पैसा गावाच्या पाण्याला जाऊ दे. हे सल्लागाराच्या तोंडी शोभत नाही, आमची फी खर्चाच्या टक्क्यांवर असते. पण खरं आहे.

गोदामांपैकी एकच निवडा. ज्याचे वारस सर्वांत कमी आहेत ते, सर्वांत सुंदर आहे ते नव्हे. दहा-पंधरा वर्षांचा नोंदणीकृत भाडेकरार करा, छप्पर नीट करा, आणि आत असं काही घाला ज्याला गावातलाच माणूस भाडं देईल. एका ठिकाणी आम्ही अर्ध्या भागात जाळी-इंजिनाच्या सुट्या भागांचं दुकान आणि अर्ध्यात बचतगटाचं कोकम-आंबापोळीचं पॅकिंग बसवलं. प्रदर्शनाचा हॉल मागणाऱ्यांची निराशा झाली, पण तिथे रोज शटर उघडतं. कोचीला २०१२ पासून बिएनालेने, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनाने, अॅस्पिनवॉल हाउससारख्या जुन्या व्यापारी वास्तूंत प्राण आणले, ते खरंच. पण फोर्ट कोचीला पर्यटक आधीपासून होते आणि शहराला विमानतळ होता. कलेने ओस जागा जागवता येते, तिथे रोज येणारं माणूस असेल तर.

आता बांधकाम. समुद्राचा वारा आपल्या दरसूचीला जुमानत नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे खाऱ्या तुषारांच्या माऱ्यातल्या आरसीसीला किमान एम-३५ काँक्रीट (आकडा मोठा तेवढं मजबूत) आणि ५० मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, लागतं, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या भागाला एम-४० आणि ७५ मिलिमीटर. प्रत्यक्षात एम-२० ओततात आणि पाच वर्षांत सळई बाहेर डोकावते. रेलिंग लागलंच तर ३१६ ग्रेडचं स्टील, ३०४ वर तांबडे डाग पडतात. त्याहून बरं म्हणजे रेलिंगच नको, बसता येईल असा चिऱ्याचा कठडा घाला. तो माणसं, जाळी आणि मांजरं या तिघांनाही चालतो. होड्या लागतात तिथे तर रेलिंग मुळीच नको. हायमास्टचा एक दिवा बिघडला की क्रेन बोलवावी लागते, आणि गावात क्रेन नसते. शिडीवरून हात पोचेल असे बुटके खांब लावा. जून २०२० मध्ये श्रीवर्धन-दिवेआगर भागात निसर्ग वादळाने काय केलं ते बघितलं असेल तर पत्र्याचं छप्पर कुणी सुचवलं तरी तुम्ही सही करणार नाही. कौल उडालं तर दुसऱ्या दिवशी शाकारता येतं. आणि एकूण खर्चाचा दहावा हिस्सा पाच वर्षांच्या देखभालीसाठी करारातच बांधून घ्या. नंतर कोणी देत नाही.

एक धोका आधीच सांगतो, कारण तो काम यशस्वी झालं तरच येतो. मुंबई-मांडवा रो-रो, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणारी बोट, २०२० ला सुरू झाली. अलिबागकडच्या जमिनींना मुंबईकर गिऱ्हाईक आधीही होतं, मग आणखी आलं. तुमच्या गावात बातमी फुटली की बंदरामागच्या वाडीतल्या घरांना विचारणा सुरू होईल. मच्छीमारांच्या बऱ्याच घरांची जागा पिढ्यानपिढ्या वापरात असते, पण कागदावर त्यांचं नाव नसतं. आराखडा जाहीर व्हायच्या आधी त्या वस्तीची मोजणी, सीमांकन आणि नोंदी यांचा अर्ज लावून ठेवा. जाळी वाळवण्याची आणि होड्या ओढून ठेवण्याची जागा विकास आराखड्यात त्याच नावाने आरक्षित करून घ्या. 'मोकळी जागा' लिहिलंत तर माझ्यासारखा कोणीतरी येऊन तिथे प्रॉमनेड करेल.

राहिले नगरसेवक. त्यांना नावं ठेवू नका, त्यांना निवडणुकीआधी फीत कापायला काहीतरी लागतं, आणि गटाराच्या चेंबरवर फीत बांधता येत नाही. त्यांना पहिल्या सहा महिन्यांत दोन गोष्टी द्या: दिवे लागलेला मासळीचा ओटा आणि बायकांचं शौचालय. दोन्हीवर नावाची पाटी लावता येते, दोन्हीला रोज शेकडो माणसं वापरून दुवा देतात. प्रॉमनेडला नाही म्हणू नका, 'तिसऱ्या टप्प्यात' म्हणा. ओट्यापासून गोदामापर्यंतची वाट, दोन माणसं नि एक हातगाडी शेजारून जाईल एवढी, त्यालाच प्रॉमनेड म्हणता येईल. तिची रेघ तुम्ही काढालच, तोवर मोजणीच्या वहीत माणसं कुठून कुठे चालतात ते उमटलेलं असेल.

आणि जून लागायच्या आत एक काम उरकून घ्या. अमावस्येच्या आसपासची मोठी ओहोटी धरून धक्क्याच्या पायथ्याशी उतरा. तळाचे चिरे तेव्हाच उघडे पडतात. किती सुटलेत, मधला चुना किती धुतला गेलाय, खाली पोकळी कुठे झालीय, हे सगळं दिसेल. शेजारी मीटरची पट्टी धरून फोटो काढा आणि मला पाठवा. वरचा धक्का दुरुस्त करता येईल की नाही ते त्या फोटोंवरूनच ठरेल. घसरतं फार, चप्पल घालून जाऊ नका.